गच्चीवर वेलभाज्यांसाठी घरगुती मांडव: साताऱ्याच्या वाऱ्यात टिकेल असं काय?

शाहूनगरी · ३० मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो. दोन मजली घर, वर १२ बाय १० फुटांची मोकळी गच्ची. मागच्या पावसाळ्यात हौसेनं एक इंची पीव्हीसी पाइपांचा चौकोनी सांगाडा केला, त्यावर नायलॉनची जाळी ताणली आणि ६ कुंड्यांत दोडका नि कारलं लावलं. एका व्हिडिओत बघितलं होतं. त्यात सगळं हिरवंगार होतं आणि वारा नव्हता.

आमच्याकडं दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वेल पाइपवर चढेचना, घसरून खाली यायचा. रोज संध्याकाळी सुतळी घेऊन बांधत बसायचो. दुसरी म्हणजे जुलैत एका रात्री वाऱ्यानं अख्खा सांगाडा उचलला आणि शेजाऱ्यांच्या टाकीवर नेऊन ठेवला. सकाळी काकूंची हाक आली, "अहो, मांडव आलाय आमच्याकडं, वऱ्हाड कधी येणार?"

तर यंदा काय करावं? अटी अशा: स्लॅबला भोक पाडायचं नाही (वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय), तयार स्टँड विकत आणायचा नाही, खर्च २००० च्या आत. आणि खरं सांगा, वेल वर चढवून खरंच जास्त भाजी मिळते का, की मंडईतून आणलेली बरी? हे शेवटचं घरातून विचारलं गेलंय.

घडवाला · ३० मे, रात्री १०:१५

आमच्या तासगाव भागात हा प्रश्नच येत नाही. जुनी द्राक्षबाग काढली की लोखंडी अँगल नि तारा भंगारात किलोवर मिळतात. चार अँगल, वर वाय (Y) आकाराचा फाटा, त्यावर १२ गेजची तार, दोन्ही टोकाला ताण. बाग काढल्यावर त्याच मांडवावर कारली, दोडका घेणारे किती तरी जण आहेत. घडांचं ओझं पेललेल्या मांडवाला दोडका म्हणजे काय हो, हार घातल्यासारखाच.

आणि पाइपचा नाद सोडा. गुळगुळीत खांबावर वेल चढत नसतोय.

शाहूनगरी · ३० मे, रात्री १०:३२

अहो, पण अँगल पुरणार कुठं? गच्चीत काँक्रीट आहे, रान नाही.

घडवाला · ३० मे, रात्री १०:३४

मग तासगावला राहायला या.

कडीपत्ता · ३१ मे, सकाळी ७:०५

वाचतेय. माझाही हाच प्रश्न. फक्त आमच्याकडं वारा नाही, माकडं आहेत.

आजोळ_वाई · ३१ मे, सकाळी ११:२०

आमच्या आजीनं आयुष्यात कधी दुकानातून खिळासुद्धा आणला नसेल. परसात शेवरीच्या काठ्या, तुराट्या, वठलेल्या बोरीची एखादी काटेरी फांदी, जे हाताला लागेल ते रोवायची. पावटा कुंपणावर, घोसाळं गोठ्याच्या छपरावर, दुधी आंब्यावर. दुधी काढायला आम्हा पोरांना झाडावर चढवायची. पडवळ वाकडं व्हायला लागलं की त्याच्या शेपटाला दोऱ्यानं दगड बांधायचा. शाळेतून आलं की कुणाच्या पडवळाचा दगड जमिनीला टेकला ते बघायचं, हा आमचा खेळ.

सांगायचा मुद्दा हा की काटेरी, खडबडीत फांदीवर वेल आपोआप चढायचा. तिनं कधी बांधल्याचं आठवत नाही.

प्रतान · ३१ मे, दुपारी १:५०

आजोळ_वाई यांनी नेमकी जागा दाखवली. थोडं वनस्पतिशास्त्र सांगते, शिकवण्याची सवय आहे, चालवून घ्या.

वेल दोन तऱ्हेनं चढतात. दोडका, कारलं, काकडी, दुधी, तोंडली यांना तणावे असतात, ते स्प्रिंगसारखे आकडे. तणाव्याचं टोक कशाला तरी घासलं की तो त्या बाजूला वळतो आणि वेटोळं घालतो. वस्तू त्याच्या वेटोळ्यात मावली पाहिजे. सुतळी, तार, तुराटी, पेन्सिलीएवढी काडी ठीक. इंची पाइपाला कवळ घालायची त्याची ताकद नाही, त्यातून तो गुळगुळीत. पकड बसली की उरलेला तणावा गुंडाळून वेलाला जवळ ओढतो. नीट बघा, मधोमध त्याच्या गुंडाळीची दिशा उलटते. दोन्ही टोकं अडकलेली असताना पीळ घालायचा तर दुसरा मार्गच नाही.

वाल, घेवडा, चवळी यांना तणावे नसतात. त्यांचं खोडच काठीभोवती गुंडाळत चढतं, त्यामुळं मनगटाएवढा कळक, म्हणजे बांबूही त्यांना चालतो. म्हणजे तुमच्या त्याच पाइपांवर वाल लावला असतात, आणि पाइपला थोडा काथ्या गुंडाळला असतात, तर तो हसत चढला असता.

शिळा_भात · ३१ मे, दुपारी २:०२

म्हणजे मांडव बरोबर होता, नवरी चुकली.

घडवाला · ३१ मे, दुपारी २:१०

@प्रतान, मॅडम, तारेचं तुम्ही म्हणताय ते बरोबर. म्हणूनच सांगतोय, तारच.

माणदेशी_काटा · ३१ मे, सायंकाळी ६:३०

तार एप्रिल-मे महिन्यात आमच्या माण तालुक्यात लावून बघा. हात लावला तर पोळतो. कोवळा शेंडा तिच्यावर टेकला की करपतोय. मी तारेवर पाचटाच्या दोरीचे वेढे देतो. पावसाळ्यात कायबी लावा, चालतंय.

ओळंबा · ३१ मे, रात्री ९:००

व्यवसायानं सिव्हिल. वेलाचं मला कळत नाही, पण मांडव का उडाला ते सांगू शकतो.

भरलेली जाळी म्हणजे शीड. पाइपांना वाऱ्यानं काही होत नाही, पानांनी भरलेल्या जाळीवर होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत, तुम्ही त्याच डोंगररांगांच्या शेजारी गच्चीत भिंत बांधलीत, तीही पायाशिवाय आणि पीव्हीसीच्या वजनाची.

म्हणून: (अ) उभा चौकोन नको, तंबूसारखा आकार करा, दोन बाजू तिरक्या, वर आडवी काठी. (आ) पाय वजनात रोवा. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या रंगाऱ्याकडं मिळतात. वाळू भरली की एक बादली ३० किलोच्या पुढं जाते. चार पायांना चार, भोक पाडायचं कामच नाही. (इ) पूर्ण जाळी नको. उभ्या सुतळ्या एक-एक फुटावर. वाऱ्याला जायला वाट पाहिजे. (ई) बादल्या नि कुंड्या गच्चीच्या मधोमध नको, कडेनं तुळईच्या वर ठेवा. ओली माती कोरडीपेक्षा किती जड होते ते लोक विसरतात आणि मग मला फोन करतात.

शाहूनगरी · ३१ मे, रात्री ९:२५

ओळंबासाहेब, शंभर तोफांची सलामी. हे मागच्या वर्षी का नाही सांगितलंत?

ओळंबा · ३१ मे, रात्री ९:२७

मागच्या वर्षी तुम्ही व्हिडिओ बघत होतात.

रातराणी · १ जून, सकाळी ८:१५

नायलॉनच्या जाळीला माझाही विरोध. वाऱ्याचं सोडा. हंगाम संपल्यावर वाळलेले वेल तिच्यातून सोडवताना नखं जातात. आणि आमच्या विश्रामबागेतल्या बागेत दोन वर्षांपूर्वी जाळीत धामण अडकली होती. सर्पमित्रांना बोलवून कात्रीनं एकेक धागा कापावा लागला. तेव्हापासून सुतळी. वेलासकट कापायची आणि कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकायची.

माणदेशी_काटा · १ जून, सकाळी ९:००

सुतळी आमच्याकडं टिकंल, आमच्याकडं पाऊसच कुठाय. साताऱ्याच्या पावसात गणपती यायच्या आधीच कुजून तुटंल, आणि दोडकं धरायच्या वक्ताला सगळा वेल खाली.

रातराणी · १ जून, सकाळी ९:२०

पटलं. मग काथ्या. सुतळीपेक्षा जास्त टिकतो आणि खरखरीत असल्यानं तणाव्यांना पकडही चांगली मिळते. तोही कंपोस्टमध्ये जातो, थोडा सावकाश.

हरिपूरकर · १ जून, दुपारी ४:४५

अवांतर होईल, पण मांडव म्हटलं की मला ऑगस्ट २०१९ आठवतो. आमच्या परसात तोंडल्याचा कायमचा मांडव होता, वडिलांनी कळकाचा बांधलेला. तोंडली बियांची लावत नाहीत, वेलाची कांडी लावतात, आणि एकदा लागली की वर्षानुवर्षं देते. पूर आला, आम्ही मिरजेला बहिणीकडं. पाणी उतरल्यावर आलो तर घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ मांडवाच्याही वर. मांडव जागेवर होता. त्यावर कुणाची तरी चप्पल, एक प्लॅस्टिकचा ड्रम, उसाची पाचट आणि एक स्टीलचं ताट अडकलेलं. ताट अजून आमच्याकडं आहे, मालक काही सापडला नाही.

तोंडलीचा वेल वरून सडला होता. वडील म्हणाले, उपटू नका. दिवाळीनंतर बुडातून फुटवा आला. २०२१ लाही तेच. आता मांडव त्याच जागी आहे, फक्त पायाला कळकाऐवजी अँगल. घडवालांची कृपा, त्यांच्याच भागातून आणले.

घडवाला · १ जून, सायंकाळी ५:००

बघा, मी म्हणलं नव्हतं का!

शिळा_भात · १ जून, सायंकाळी ५:१०

हरिपूर म्हणजे कृष्णाकाठची वांगी. वांग्याला मांडव लागत नाही, वारा लागत नाही, तणावा लागत नाही. भरलेलं वांगं आणि भाकरी. धागा बंद करा.

आजोळ_वाई · १ जून, सायंकाळी ५:४०

कृष्णा आमच्या वाईतूनच तुमच्याकडं येते, म्हणजे काठ आमचाही आहे. वांगीही.

हरिपूरकर · १ जून, सायंकाळी ५:५२

पाणी तुमचं, चव आमची.

(पुढचे ११ प्रतिसाद वांग्यांवर असल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)

शाहूनगरी · ९ जून, रात्री ८:००

वांगीवाले गेले असतील तर पुढं सांगतो. कामाला लागलोय. मंडईमागच्या वखारीतून ८ फुटी कळक आणले, रंगाच्या चार बादल्या मिळाल्या, एक नदीकाठची वाळू भरलेली ट्रॉली शेजारच्या बांधकामावर होतीच, विचारून चार पाट्या उचलल्या. तंबू उभा आहे. पण वखारवाला म्हणाला, "साहेब, हा कळक उन्हाळ्यातला आहे, भुंगा लागणार नाही. अमावस्येला तोडलाय." अमावस्येचं खरं का?

प्रतान · ९ जून, रात्री ८:४०

अमावस्येबद्दल छातीठोक सांगणार नाही. भुंगेऱ्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. कोवळ्या कळकात आणि पावसाळ्यात, कोंब वाढत असताना तोडलेल्यात अडचण येते, पावसाळ्यानंतर कोरड्या दिवसांत तोडलेला पक्का कळक जास्त टिकतो. जुने लोक तोडलेले कळक ओढ्यात बुडवून ठेवायचे, त्यानं पिष्ट निघून जातं. तुमच्याकडं ओढा नसेल तर निदान वरचं उघडं टोक बंद करा, नाही तर नळीत पाणी साठून आतून कुजेल.

शिळा_भात · ९ जून, रात्री ८:५५

वरच्या टोकाला बाटलीची टोपणं बसवा. दुरून क्रिकेटचे स्टंप वाटतील.

ओळंबा · ९ जून, रात्री ९:१०

बादलीच्या बुडाला भोकं पाडलीत का? वाळूत पाणी साठून कळकाचं बूड आधी कुजेल. बादलीला भोक पाडा, स्लॅबला नको.

आणि तंबू कोणत्या दिशेनं उभा केला?

शाहूनगरी · ९ जून, रात्री ९:१४

पूर्व-पश्चिम लांब. व्हिडिओत सांगितलं होतं की उंच वेल उत्तरेला ठेवा म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही, म्हणून गच्चीच्या उत्तर कडेला.

प्रतान · ९ जून, रात्री ९:४५

तो व्हिडिओ बहुतेक खूप उत्तरेकडच्या देशातला. साताऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या मधल्या दिवसांत तर तो दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे आत्ता तुमची उत्तर-दक्षिणेची काळजी फुकटची. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलला की तो नियम कामाचा. शक्य असेल तर तंबू दक्षिणोत्तर लांब ठेवा, सकाळी एका बाजूला ऊन, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला.

शाहूनगरी · ९ जून, रात्री ९:५०

३० किलोच्या चार बादल्या आत्ताच भरल्यात हो. :(

माणदेशी_काटा · १० जून, सकाळी ७:३०

फिरवा मर्दा, व्यायाम होईल. आणि एक ऐका. वर चढवलेला वेल जमिनीवरच्यापेक्षा लवकर सुकतो, वारा चारी बाजूनं लागतोय. कुंडीत बिनझिलईचं छोटं मडकं पुरा गळ्यापर्यंत, पाण्यानं भरून झाकण ठेवा, पाणी हळूहळू झिरपतंय. मुळं त्याच्याभोवती येतात. आमच्याकडं पाण्याचा थेंब मोजून देतात, म्हणून हे माहीत. कुंडीवर पाचट टाका.

शाहूनगरी · २२ जुलै, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. तंबू फिरवला. वेल सहा फूट वर गेलेत, एकदाही बांधावे लागले नाहीत, काथ्या पकडतात ते बघायला मजा येते. मागच्या आठवड्यातल्या वाऱ्यात एक पाय हलला, त्याला कडेच्या कठड्याच्या गजाला दोरीचा ताण दिला. उडाला नाही.

पण दोडक्याला नुसती फुलं. पिवळीधमक, आणि गळतात. फळ धरतच नाही.

रातराणी · २२ जुलै, रात्री १०:३०

तुम्ही फुलं कधी बघता? सकाळी ना? दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुधी आणि पडवळही संध्याकाळनंतरचेच. कारलं, काकडी आणि घोसाळं सकाळचे. दोडका-दुधीच्या फुलांवर पतंग येतात, गच्चीवर दिवे लागलेले असतील आणि आसपास झाडी नसेल तर ते येतीलच असं नाही. तेव्हा संध्याकाळी सहा-सातला वर जा. लांब बारीक देठाचं फूल नर, ज्याच्या मागं बोटाएवढा छोटा दोडका दिसतो ते मादी. नर फूल तोडून, पाकळ्या मागं करून मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो.

पहिल्या काही दिवसांत नरच जास्त येतात, हेही आहे. घाबरू नका.

शिळा_भात · २२ जुलै, रात्री १०:४१

मांडव घातला, नवरी बदलली, आता लग्नही तुम्हीच लावायचं. भटजीची दक्षिणा घ्या.

घडवाला · २२ जुलै, रात्री १०:५०

शेंडा खुडला का? पहिल्या चार-पाच फुटांपर्यंत बाजूच्या फांद्या काढत जायचं, एकच खोड वर न्यायचं. मांडवावर पोचला की शेंडा मोडायचा, मग आडव्या फांद्या फुटू द्यायच्या. मादी फुलं त्या फांद्यांवर जास्त. द्राक्षात छाटणी नाही केली तर पालाच खावा लागतोय, तसंच हे.

आजोळ_वाई · २३ जुलै, सकाळी ९:१५

आजी कधी खुडायची नाही, तरी दोडके यायचे.

घडवाला · २३ जुलै, सकाळी ९:३०

आजीकडं परस होतं, शेण होतं, आंब्याचं झाड होतं. यांच्याकडं सहा कुंड्या आहेत, ताई.

आजोळ_वाई · २३ जुलै, सकाळी ९:४०

हे मात्र खरं.

हरिपूरकर · २४ जुलै, दुपारी ३:००

फळमाशीचं बघून ठेवा. कारल्याला छोटं भोक दिसलं आणि ते एका बाजूनं पिवळं पडून वाकडं झालं की आत अळ्या. कृषी सेवा केंद्रात वेलवर्गीय फळमाशीचा कामगंध सापळा (वासानं नर माश्या ओढणारा) मिळतो, क्यूल्यूरचा म्हणून सांगा, आंब्याचा नाही. आम्ही शिवाय कोवळ्या फळांना वर्तमानपत्राची पिशवी घालतो. किडकी फळं खाली टाकायची नाहीत, पाण्याच्या बादलीत बुडवायची.

शाहूनगरी · ३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

हिशेब द्यायला आलोय, कारण मूळ प्रश्न घरातून आला होता आणि तो विसरू दिला जात नाही.

दोडका गणपतीपासून दसऱ्यापर्यंत आठवड्यातून दोनदा तरी पुरला. कारली थोडी उशिरा, पण जास्त. एका वेलाला फळमाशीनं खाल्लं, पिशव्या घालायचा कंटाळा केला होता. खर्च कळक, काथ्या, सापळा, माती, सगळं मिळून १६५० झाला. मंडईच्या भावानं पैसे वसूल झाले नाहीत, घासाघीस करूनही नाहीत. पुढच्या वर्षी कळक तेच वापरले तर होतील, अशी बाजू मी मांडली. घरातून उत्तर आलं, "कळक पुढच्या वर्षी टिकले तर." बूड दोन कळकांचं मऊ झालंय, म्हणजे मुद्दा तिचा आहे.

पण दोडक्याच्या शिरांची चटणी या वर्षी पहिल्यांदा घरच्या दोडक्याची केली. आणि तंबूखाली सावलीत कोथिंबीर लावली होती ती ऑक्टोबरच्या उन्हातही राहिली. हे हिशेबात धरायचं की नाही यावर आमच्यात एकमत नाही.

आता हिवाळ्याला त्याच मांडवावर पावटा. भोगीला शेंगा आल्या पाहिजेत.

प्रतान · ३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

भोगीला सव्वादोन महिने. अगदी काठावर आहात, उद्याच टोका. तो खोडानं चढणारा आहे, काथ्याची गरज नाही, कळकच पुरे. आणि आता मात्र उत्तरेचा नियम पाळा, बुटक्या कुंड्या दक्षिणेला.

शाहूनगरी · ३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बादल्या परत हलवायच्या नाहीत ना?

ओळंबा · ३ नोव्हेंबर, रात्री ९:५१

बादल्या राहू द्या, कुंड्या हलवा. आणि बूड मऊ झालेला कळक अर्धा फूट कापून पुन्हा रोवा, या वेळी टोकाला डांबर लावून. वाळूच्या तळाशी खडी घाला.

घडवाला · ३ नोव्हेंबर, रात्री १०:००

अँगलचं बूड मऊ पडत नाही. मी आपलं म्हणून ठेवतो.

कडीपत्ता · ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मे महिन्यापासून सगळे प्रतिसाद वाचलेत. तंबू केला, वाळूच्या बादल्या केल्या, काथ्या लावला, मडकीसुद्धा पुरली. माकडांबद्दल मात्र एकानंही सांगितलं नाही. बहीण म्हणाली कडू लाव, कारली खाणार नाहीत, म्हणून नुसती कारली लावली. खात नाहीत, हे खरं आहे. तोडतात, एकेक चावून बघतात, आणि पुन्हा माझ्याच अंगणात फेकतात.

शिळा_भात · ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१८

त्यांना भरली वांगी हवी असतील.